काना-मात्रेचे राखणदार

कवीने कुलूप-किल्लीच्या गणितावर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण काना-मात्रेची काळजी वाहणारा आणखी एक धंदा अलीकडे उभा राहिला आहे. ब्लॉकचेनच्या कंपन्यांत ‘क्रिप्टोग्राफर’ म्हणून जे ज्येष्ठ तज्ज्ञ काम करतात, त्यांचा हा धंदा. त्यांचं काम समजून घेताना मला आपल्याच मुलखातली एक गोष्ट आठवली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि कर्जरोखे काढून त्यांनी जाळले. राग कागदावर होता. कागद सावकाराच्या घरात, लिहिणारा सावकाराचा आणि शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त अंगठा. आत काय लिहिलं आणि मागाहून काय वाढवलं, हे कळायला त्याला मार्ग नव्हता. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपलं सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्त निबंधकासमोर व्हावा, अशी तरतूद त्यात होती. थोडक्यात, वहीवर तिसऱ्याची नजर आली.

पण तो तिसराही फितूर झाला तर? ब्लॉकचेन या प्रश्नाला उत्तर देऊ पाहते. एकच वही हजारो ठिकाणी ठेवायची. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा घ्यायचा. मधलं एक पान कुणी बदललं, की पुढचे सगळे ठसे चुकतात आणि चोरी उघडी पडते.

हा ठसा म्हणजे काय? समजा, मी एक कविता लिहिली. ठरलेल्या गणितातून ती काढली, की ६४ अक्षर-अंकांची एक ओळ हाती येते. त्या ओळीवरून कविता परत तयार करता येत नाही. पण कवितेतली एक मात्रा जरी पुसली, तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. असा कडक मुद्रितशोधक मला आजवर भेटलेला नाही!

याची सुरुवात थेट वर्तमानपत्रापर्यंत जाते. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकन संशोधकांनी १९९१ साली ठशांच्या साखळीची कल्पना मांडली. १९९५पासून त्यांच्या कंपनीने हा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये, हरवलं-सापडलंच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. जुना कागद बदलायचा, तर घरोघरची रद्दी बदलावी लागली असती! २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा जो आराखडा आला, त्यात या दोघांच्या लेखांचा आधार दिलेला आहे.

गुप्त लिहिण्याची कला मराठीला नवी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत राखले. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं, अशी ती लिपी. कितीतरी शतकं ते ग्रंथ बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. पुढे विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपी उलगडली आणि मराठी गद्याचा खजिना उघडा झाला. तिथे पद्धत हीच गुपित होती; ती कळली, की सगळं कळलं. आजचा तज्ज्ञ उलट वागतो. कुलपाची घडण तो चारचौघांत मांडतो, जगातल्या जाणकारांना ते फोडून बघा म्हणतो आणि लपवतो ती फक्त किल्ली. शिवाय त्याचं मुख्य काम लपवणं हे राहिलेलं नाही. कागद खरोखर त्याच कचेरीतून निघाला आणि नंतर त्यात कुणी हात घातला नाही, एवढं सिद्ध करणं हे त्याचं काम.

हे आपल्यापर्यंत येऊन पोचलं आहे. २०२२ साली गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेण्यात आलं. ही साखळी २०१७ साली भारतीय तरुणांनीच सुरू केलेली. दाखल्यावरचा चौकोनी कोड तपासला, की खरं-खोटं कळावं, हा हेतू. खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आहे. खऱ्या आदिवासीच्या मुलाला याचं मोल विचारा.

तरीही एक शंका मला सतावते. आमच्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत नांदतात आणि लिहिणारा कारकून एकाच कानाने ऐकतो. ‘शेख’चा ‘शेक’ होतो, ‘खैरुन्निसा’ची ‘खैरुनबी’ होते. माझ्या अब्बांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांचं होतं. ते दुरुस्त करायला किती खेटे घातले, ते घरच्यांनाच ठाऊक. ठसा मजकूर बदलला नाही, एवढंच सांगतो. मजकूर बरोबर आहे, असं तो सांगत नाही. चुकीचं नाव साखळीत गेलं, की चूकही तितक्याच इमानाने राखली जाते. नवा दाखला काढून नवी नोंद करता येते. पण ती सोय आधी कुणीतरी करून ठेवायला हवी.

आणि अंगठ्याचा प्रश्न सुटला, असंही समजू नका. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या आभासी चलनाच्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरचा ऐवज चोरीला गेला. एका तिजोरीला अनेकांच्या सह्या लागत होत्या आणि त्या झाल्याही. पडद्यावर दिसत होतं एक आणि सह्या पडल्या भलत्याच मजकुरावर, असं कंपनीने सांगितलं. सुप्याच्या शेतकऱ्याची आणि या शिकल्या-सवरलेल्या सहीदारांची गत एकच झाली.

आपल्याकडे दस्ताच्या शेवटी एक जुनं वाक्य असतं: मजकूर वाचून पाहिला, तो मला समजला, म्हणून सही केली. एटापल्लीच्या बाईलाही आपला दाखला साखळीत जाण्याआधी तिच्या बोलीत वाचून दाखवावा, नाव चुकलं तर तिथेच सुधारावं आणि मगच ठसा उमटवावा. गणिताचं काम त्यानंतर सुरू होतं.