रिकामा डबा आला की मगच माल

(ओरगडम परिसरातील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला सांगितले, "तुमच्या कामातले काहीतरी बोला, पण सगळ्यांना समजेल असे." इथे बसलेल्यांपैकी बरेच जण गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत आहेत, तर काही माझ्यासारखे संगणकापुढे. म्हणून दोघांच्याही उपयोगाचा विषय निवडला आहे. विषय आहे कानबान.

शब्द जपानी आहे. अर्थ साधा, पाटी किंवा फलक. टोयोटाचे ताइची ओहनो यांना ही कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली. गिऱ्हाईक फळीवरून जेवढे उचलते, तेवढेच दुकानदार पुन्हा भरतो. १९५३ च्या सुमारास त्यांनी ही पद्धत कारखान्याच्या यंत्रशाळेत आणली. पुढच्या विभागाने भाग उचलले की चिठ्ठी मागे जाते, आणि चिठ्ठी आल्याशिवाय मागचा विभाग नवे भाग करत नाही. आपल्या लाईनवरच्या मंडळींना हे रोजचेच आहे.

गंमत अशी की, मी ज्या कारखान्यात सॉफ्टवेअरचा विभाग सांभाळतो, तिथे खाली शॉपफ्लोअरवर कानबान चालू होते आणि वर आमच्या मजल्यावर गोंधळ! आम्ही नऊ जण. येईल ते काम घ्यायचे, कोणालाही नाही म्हणायचे नाही, हीच माझी कामाची पद्धत. एका मुलाकडे एका वेळी पाच कामे असत. सोलापूरकडचा होता, अतिशय गुणी. सलग दोन वर्षे गौरी-गणपतीला त्याला घरी जाता आले नाही. तिसऱ्या वर्षी त्याने राजीनामा ठेवला. मी पगार वाढवून देतो म्हणालो. तो म्हणाला, "सर, पगाराचं नाही. एक काम पुरं करून घरी गेलो, असं दोन वर्षांत एकदाही वाटलं नाही."

ते वाक्य मनाला लागले. त्याच आठवड्यात स्टोअरमध्ये गेलो होतो. तिथल्या अण्णांना सहज विचारले, "माल तयार आहे तर लाईनवर पाठवून का देत नाही?" हिंदी-तमिळ मिसळून ते म्हणाले, "रिकामा डबा आला की देतो. तिथे डबा भरलेला असताना पाठवला तर ठेवणार कुठे?" मला माझे उत्तर मिळाले.

मग वाचन सुरू केले. सॉफ्टवेअरच्या कामात ही पद्धत रुजवण्याचे मोठे श्रेय डेव्हिड अँडरसन यांना जाते. त्यांचे पुस्तक २०१० चे. पण त्यातला पहिला प्रयोग आपल्या भारताशी जोडलेला आहे, याचा मला फार आनंद झाला. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणारा एक छोटा गट हैदराबादेत काम करत होता. मागण्या ऐंशीच्या घरात तुंबलेल्या, आणि एक मागणी पुरी व्हायला सुमारे पाच महिने. बराच वेळ "हे काम किती दिवसांचे?" याचे अंदाज काढण्यातच जाई. ते अंदाज थांबवले, हाती घ्यायच्या कामांना मर्यादा घातली, आणि जागा रिकामी होईल तेव्हाच पुढचे काम निवडायचे ठरवले. पुढे माणसांची थोडी फेररचनाही झाली. वर्षभरात पाच महिन्यांचे सुमारे दोन आठवडे झाले.

अँडरसन यांचे एक सांगणे मला पटले: आज जसे चालले आहे तिथूनच सुरुवात करा. कोणाचे पद बदलू नका, नवी खाती काढू नका. आम्ही तेच केले. माझ्या खोलीबाहेर पांढरा फळा लावला. रकाने आखले: आलेले, चालू, तपासणीत, झाले. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. पहिल्या दिवशी हातातली कामे मोजली, तर चोवीस निघाली! त्यातली अकरा तपासणीत अडकलेली, आणि तपासणारे दोघेच. इतके दिवस मी प्रोग्रामरना "जरा भरभर" म्हणत होतो.

हिशेब साधा आहे. हातात चोवीस कामे आणि आठवड्याला पुरी होतात दोन, म्हणजे प्रत्येक कामाला सरासरी बारा आठवडे. कोणीही आळशी नसताना! जॉन लिटल यांनी रांगांचा हा नियम १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला.

मग मर्यादा घातली. तपासणीत चारच चिठ्ठ्या. रकाना भरला की प्रोग्रामरने नवे काम घ्यायचे नाही, तपासणीला हात लावायचा. कुरकूर झाली, "मी तपासणी का करू?" पण खरी अडचण मीच होतो. दुसऱ्याच महिन्यात वरिष्ठांचा फोन आला आणि मी एकाला गुपचूप काम दिले, चिठ्ठीविना. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चिठ्ठी दिसली: "सरांचे काम." सगळे हसले, मीही हसलो, पण कान लाल झाले. तेव्हापासून वरिष्ठांना फळ्यापुढे आणतो आणि म्हणतो, "साहेब, यातले कोणते काढू?" पहिल्यांदा म्हणताना आवाज कापत होता.

आठ महिन्यांत हातातली कामे दहावर आली. आठवड्याला कधी दोन, कधी तीन पुरी होऊ लागली. बारा आठवड्यांचे साधारण चार झाले. माणसे तीच, आणि रविवारी कोणाला बोलावणे नाही. मात्र एक सांगतो, कोणी किती चिठ्ठ्या हलवल्या हे मोजायला फळा वापरलात, तर लोक चिठ्ठ्या लपवतील. फळा कामावर नजर ठेवण्यासाठी आहे, माणसावर नाही.

हे ज्ञान जपानमधूनच यायला हवे होते असेही नाही. परवा आपल्या भगिनी इथे उकडीचे मोदक करत होत्या. मोदकपात्रात मावतील तेवढ्याच पाऱ्या. आधीच करून ठेवल्या तर वाळतात, कळ्या पाडताना चिरतात. हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होते, मला कळायला एक चांगला माणूस गमवावा लागला.

तो आता पुण्यात आहे. गेल्या चतुर्थीला त्याचा फोन आला होता, घरच्या आरतीचा आवाज मागे ऐकू येत होता. यंदा आमच्या नऊ जणांपैकी पाच जण आपापल्या घरी सणाला गेले आहेत. फळ्यावर त्यांच्या जागा रिकाम्या आहेत आणि मी त्या भरलेल्या नाहीत.

 गणपती बाप्पा मोरया!