खासगी आणि दौलत



इंदूरकरांना ‘खासगी’ हा शब्द समजावून सांगायला नको. होळकरशाहीत राज्याची ती ‘दौलत’ आणि राणीच्या हाती असलेली ती ‘खासगी’. गौतमाबाईंना १७३४ मध्ये मिळालेली ही मिळकत दौलतीच्या हिशेबात मिसळत नसे. अहिल्याबाईंचे घाट आणि मंदिरे उभी राहिली ती याच खासगीतून. राज्य मोठे खरे, पण त्यालाही एक उंबरठा होता.

राजघराण्याचा तो उंबरठा आज प्रत्येक घराला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्यांनीच सांगितले. देशाच्या रक्षणासाठी कधी एखाद्याचा फोन ऐकावा लागतो, हे कोण नाकारील?

प्रश्न आहे तो हुकमावर सही कोणाची आणि ती तपासणार कोण, हा. १९९६ च्या टेलिफोन-टॅपिंग निकालाने हुकमाचा अधिकार गृहसचिवांकडे ठेवला आणि फेरतपासणीला समिती नेमायला सांगितली. केंद्राच्या त्या समितीत सारे सचिवच. न्यायाधीश एकही नाही. ज्याचे बोलणे ऐकले जाते त्याला सहसा पत्ताच नसतो. मग त्याने दाद मागावी कशी?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की सरकारने आत यावे, पण न्यायाधीशाची परवानगी घेऊन. घाईचे काम असेल तर ती मागाहून, ठरल्या मुदतीत घ्यावी. खासगीचा दरवाजा दौलतीच्या कारभाऱ्याने उघडायचा आणि तपासणीही त्यानेच करायची, तर ती खासगी उरत नाही.