कॅसेट आहे, यंत्र कुठे आहे?



तुमच्या घरी लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे का?
कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेली?

कॅसेट आहे हो.
पण ती चालवणारं यंत्र कुठे आहे?

जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली हे यंत्र, म्हणजे व्हीसीआर, बनवणं थांबवलं.
ते बनवणारी ती शेवटची कंपनी होती.

डीव्हीडीही त्याच वाटेवर आहे.
बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायला जागाच नसते.

सिनेमाच्या डिस्क मात्र इतक्यात संपणार नाहीत, असं मला वाटतं.
ऑनलाइन सिनेमा हक्क संपले की गायब होतो.
विकत घेतलेली डिस्क आपल्याच घरात राहते.
शौकीन ती घेत राहतील.

लग्नाच्या कॅसेटचं तसं नाही.
तिची दुसरी प्रत बहुधा नसतेच.

आज ती खाली काढा.
तिच्या खिडकीतून आतली काळी फीत बघा.
पांढरी भुकटी दिसते?
ती बुरशी. आपल्या पावसाळ्याची देणगी!

अशी कॅसेट यंत्रात घालू नका.
बुरशी यंत्रात राहते,
आणि पुढच्या कॅसेटला लागते.

फीत साफ करून डिजिटल प्रत करून देणाऱ्याला गाठा.
पण लवकर.
कारण कॅसेट आहे, यंत्रं संपत चालली आहेत.

आणि हो, प्रती दोन घ्या.
एक तुमच्याकडे,
दुसरी लेकीकडे किंवा भावाकडे.