कुंपणावरचा अडुळसा

दसऱ्याच्या आगेमागे अहमदपूर भागात सोयाबीनची मळणी सुरू झाली, की भुसकटाची धूळ नाकातोंडात जाते आणि दिवाळीपर्यंत घरोघरी खोकला ठाण मांडून बसतो. मग आजी सांगते, 'जा, कुंपणावरची अडुळशाची चार पानं घेऊन ये.'

शेळी या झुडपाला तोंड लावत नाही, म्हणून ते कुंपणाला बरं. पानांतून रस सहजी निघत नाही. ती तव्यावर मऊ पडेस्तोवर शेकायची आणि फडक्यात घालून पिळायची. हिरवागार, कडूजहर रस निघतो. त्यात मध घालायचा. आयुर्वेदातली वासा ती हीच.

या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच धर्तीवर 1960च्या दशकात कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन तयार झालं. मेडिकलमधल्या कितीतरी सिरपांत आज ते किंवा त्याच कुळातलं अँब्रॉक्सॉल असतं. आजीचा अनुभव पोकळ नव्हता. मात्र नुसत्या अडुळशाच्या माणसांवर झालेल्या चाचण्या मोजक्या आणि लहान आहेत. मधाचा पुरावा त्याहून बरा. 2007 साली अमेरिकेतल्या 105 मुलांच्या अभ्यासात, झोपताना मध घेतलेल्यांचा रात्रीचा खोकला काहीच न घेतलेल्यांपेक्षा अधिक कमी झाला. त्या कडू रसाचं बरंचसं श्रेय मधाला द्यावं, असं मला वाटतं.

आता हे मात्र नीट ऐका. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून गरोदर लेकीसुनांना अडुळसा थोडासुद्धा देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, गुटीतही नको. त्यातून बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. काढ्यात ज्येष्ठमध टाकत असाल आणि घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल, तर त्यांना तो रोज देऊ नका. त्यानं रक्तदाब वाढतो.

बाटलीतल्या औषधावरही आंधळा भरवसा नको. 2025मध्ये छिंदवाड्याची लेकरं विषारी सिरपानं दगावली, त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं सिरप देऊ नये, अशी सूचना त्यानंतर केंद्र सरकारनं काढली.

खोकल्यातून रक्त पडत असेल, तर जुन्या वैद्यकात त्यावरही वासाच सांगितली आहे. तिथं मात्र घरी रस पिळत बसू नका. दोन आठवडे खोकला हटला नाही, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथं मोफत आहेत. रक्त दिसलं, तर त्याच दिवशी जा.