सुया वाटायला शेरीफ राजी होतो तेव्हा

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, लुईव्हिल शहराहून उत्तरेकडे निघणाऱ्या महामार्गाला लागून ऑस्टिन नावाचं गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आसपास. विल्यम कुक यांनी २००४ मध्ये इथे दवाखाना थाटला आणि पुढची बरीच वर्षं गावाला तेवढा एकच डॉक्टर होता. हे गाव ज्या स्कॉट काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं, तिथे एचआयव्हीचे नवे रुग्ण वर्षाला पाचसुद्धा सापडत नसत. २०१५ च्या जानेवारीत अकरा जणांची साखळी हाती लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत आकडा १८१ वर गेला होता.

याचं मूळ होतं एका वेदनाशामक गोळीत. ओपाना ईआर ही अफूच्या कुळातली, डॉक्टरांनी लिहून द्यायची गोळी. ती कुटून नाकाने ओढली जाते म्हणून कंपनीने २०१२ मध्ये तिची घडण बदलली. कुटणं अवघड झालं. लोकांनी मग ती पाण्यात शिजवून शिरेतून घ्यायला सुरुवात केली. काळ्या बाजारात एका गोळीला शंभर डॉलरच्या वर भाव होता, म्हणून एक गोळी चार-पाच जणांत वाटली जायची, आणि गोळीबरोबर सुईही. नशा काही तासांत उतरायची. मग पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या कामामुळे मराठी घरांना ठाऊक झालेली ती ‘टर्की’ सुरू: अंग मोडून येणं, उलट्या, जिवाची नुसती तगमग. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) तपासनिसांना दिवसातून चार ते पंधरा वेळा टोचून घेणारी माणसं भेटली. काही घरांत आजी, मुलगी आणि नात एकत्र बसून टोचून घेत होत्या.

बेरोजगारी, गरिबी, हातात विम्याचा कागद नाही, अशी सगळी ओळखीची कारणं इथे होतीच. पण एक गोष्ट विशेष नोंदवायला हवी. काउंटीत एचआयव्हीची तपासणी करणारं कुटुंबनियोजनाचं केंद्र २०१३ मध्ये बंद पडलं होतं. म्हणजे आग लागण्याआधीच बंब विकून टाकलेला!

जुन्या सुया घेऊन नव्या कोऱ्या द्यायच्या, हा जगभर अनुभवाने पटलेला उपाय. इंडियानात तो तेव्हा बेकायदा होता आणि गव्हर्नर माइक पेन्स यांचा त्याला विरोध होता. राज्याचे आरोग्य आयुक्त जेरोम ॲडम्स, डॉक्टर, परिचारिका या सगळ्यांनी सुयांच्या बाजूने मत मांडलं. शेरीफ, म्हणजे काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख, हाही एरवी सुया वाटण्याच्या विरोधातलाच. गव्हर्नरांनी त्याला विचारलं तेव्हा मात्र, ही साथ आहे, तात्पुरतं करायला हरकत नाही, असं त्याने सांगितलं. डॉक्टर सुया मागतो यात नवल नाही. पोलिसाने हो म्हणणं जड होतं. २६ मार्च २०१५ रोजी आरोग्य आणीबाणी जाहीर झाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुयांचं केंद्र उघडलं.

केंद्र उघडलं म्हणून माणसं आली, असं मात्र झालं नाही. दाराशी पोलीस असतील, ही धास्ती. मग सार्वजनिक आरोग्य परिचारिका ब्रिटनी कोम्ब्स गाडीत सुयांची खोकी भरून गल्लीबोळांत फिरू लागल्या. सुई सापडली म्हणून कुणी अटकेत पडू नये, यासाठी नोंदणी झालेल्यांना ओळखपत्रं मिळाली. पण खरा गुंता कागदांचा होता. एचआयव्हीचं औषध हवं तर विमा हवा, विमा हवा तर ओळखीचा पुरावा हवा, आणि पुराव्यासाठी जन्मदाखला. सरकारी खिडक्यांचा हा खेळ इथल्या वाचकाला समजावून सांगायला नको! ऑस्टिनमध्ये जन्मदाखला, ओळखपत्र, विम्याचा अर्ज, रक्ततपासणी, लस हे सगळं एका छपराखाली आणलं. गावातल्या सहकार्याचं सगळ्यात उपयोगी काम हेच, असं म्हणायला हरकत नाही. कुकांच्या दवाखान्यात इंडियाना विद्यापीठातले संसर्गरोगतज्ज्ञ येऊ लागले, त्यामुळे रुग्णाची शहराची खेप वाचली.

यातल्या कुणी कुणाचं मतपरिवर्तन केलं नव्हतं. शेरीफला सुया आवडू लागल्या नव्हत्या. परिचारिकेला अटक करणं पटत नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या खात्याची एकेक सवय तेवढी मोडली. साथ आटोक्यात आली, नव्या रुग्णांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उतरली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओपाना ईआर बाजारातून काढून घ्यायला कंपनीला सांगितलं.

‘लॅन्सेट एचआयव्ही’त २०१८ मध्ये एक गणिती अभ्यास छापून आला. २०११ मध्येच, म्हणजे हिपॅटायटिस-सीचे रुग्ण वाढू लागले तेव्हाच पावलं उचलली असती, तर एचआयव्हीची लागण दहा किंवा त्याहून कमी जणांत थांबली असती, असा त्याचा हिशेब आहे.

आणीबाणीतून उभं राहिलेलं काम आणीबाणी सरली की अनेकांच्या डोळ्यांत खुपू लागतं. २०२१ च्या जूनमध्ये काउंटीच्या तीन आयुक्तांपुढे केंद्र चालू ठेवायचं की नाही हा प्रश्न आला. मधल्या काळात अमेरिकेचे सर्जन जनरल होऊन आलेले ॲडम्स ते चालू ठेवा म्हणून सांगायला हजर होते. दारुड्याला आपण बाटली विकत घेऊन देतो का, असा विरोधाचा सूर होता. दोन विरुद्ध एक मतांनी केंद्र बंद करायचं ठरलं आणि आवराआवरीला वर्षअखेरपर्यंतची मुदत मिळाली.