सरासरीच्या आड गेलेली बाळे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली हा दर २८ वर आला. महाराष्ट्रात तर १६ वर. जगातही पाच वर्षांखालील बालकांचा मृत्युदर १९९० मधील हजारी ९३ वरून २०२२ मध्ये ३७ वर उतरला. हे यश नाकारण्यात कसलेही पुरोगामीपण नाही. लसीकरण, क्षारसंजीवनी, रुग्णालयातील बाळंतपण ही मुख्यतः सार्वजनिक प्रयत्नांची फळे आहेत, बाजाराची देणगी नव्हे.

परंतु उरलेल्या मृत्यूंचे स्वरूप बदलले आहे. २०२२ साली जगात पाच वर्षांखालील जी सुमारे ४९ लाख बालके मरण पावली, त्यांपैकी २३ लाख पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेली. गोवर आणि हगवण मागे हटली. आता मुदतीपूर्वीचा जन्म, अपुरे वजन, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही कारणे पुढे आली आहेत. यांतील बरीचशी कारणे बाळ जन्मण्याआधीच, आईच्या शरीरात रुजतात. ती कोणत्या वयात विवाहित झाली, दोन बाळंतपणांत किती अंतर राहिले, सातव्या-आठव्या महिन्यात तिच्या डोक्यावर पाटी होती की नाही, यावर बाळाचे वजन अडीच किलोच्या वर जाते की खाली राहते, हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणूनच हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून मजुरीचाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातील अर्भक मृत्युदर २४ वरून जेमतेम २३ वर आला. (वर दिलेला १६ चा आकडा नमुना नोंदणी योजनेचा, दोहोंच्या पद्धती भिन्न आहेत.) खुरट्या वाढीच्या बालकांचे प्रमाण तर ३४ टक्क्यांवरून ३५ झाले. देशातील एका धनाढ्य राज्याची ही कथा आहे.

आता ठाणे जिल्ह्याकडे वळू. ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाला दिला तो याच जुन्या जिल्ह्याने. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला केलेल्या कामातून. त्याच जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी परिसरात, १९९२ साली शंभरावर बालके कुपोषण आणि रोगराईने दगावली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला; जव्हार, मोखाडा, विक्रमगड त्यात गेले. एकाही बाळाचे वजन मासाभर न वाढता ठाण्याची सरासरी अशा विभाजनाने सुधारू शकते. सरासरी हे मोठे सोयीस्कर साधन आहे. डोंबिवलीच्या सदनिकेतील बाळ आणि शहापूरच्या पाड्यावरील बाळ यांना ते एकाच पंक्तीला बसवते.

याच्या उलटही घडते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. जून २०२४ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २१ नवजात बालके दगावल्याची बातमी गाजली. त्यांतील बहुतेक कमी वजनाची होती, काही अन्य ठिकाणांहून पाठविलेली. खाटा, परिचारिका, डॉक्टर यांची मागणी झालीच पाहिजे. मात्र ती बालके अशक्त का जन्मली, हा प्रश्न रुग्णालयाच्या दारात सुरू झालेला नाही आणि तेथे सुटणारही नाही.

त्या प्रश्नाचे एक टोक वीटभट्टीवर सापडते. दिवाळी सरली की शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाड्याकडील कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर उतरतात, ती पावसाच्या तोंडी परततात. मजुरी हजार विटांमागे मोजली जाते. बाळंतीण बसून राहिली की घरच्या विटा कमी पडतात आणि उचल फिटत नाही. तिचे नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत, शरीर भट्टीवर. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाने ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ तपासावे, असा नियम आहे. पण ताडपत्रीच्या खोपटाला घर कोणी म्हणायचे, आणि ते कोणत्या आशाच्या हद्दीत? पालिकेची हद्द संपते तेथे जिल्हा परिषदेची सुरू होते. बाळ नेमके त्या सीमेवर असते.

घरभेटींचा हा नियम कोठून आला, तेही ध्यानात घ्यावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावच्याच बाईला नवजात बाळ तपासण्याचे शिक्षण दिले. प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगाला भव्य इमारत लागली नाही. लागली ती दारापर्यंत जाणारी बाई. आज त्याच बाईला सरकार कामगार न मानता ‘स्वयंसेविका’ म्हणते, हा विरोधाभास या सभेला वेगळा सांगण्याची गरज नाही.

उरतो मजुरीचा प्रश्न. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला, त्यात अपत्याच्या क्रमांकाची अट नव्हती. २०१७ ची मातृवंदना योजना मात्र पहिल्या अपत्यापुरती, पाच हजारांची निघाली. दुसऱ्यासाठी पुढे तरतूद झाली ती मुलगी झाली तरच. तिसऱ्या खेपेच्या, सर्वांत अशक्त आईला त्यातून काहीच नाही. आणि संघटित क्षेत्रातील स्त्रीला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे.

तेव्हा येत्या दिवाळीनंतर शाखांनी एक काम हाती घ्यावे. कल्याण, भिवंडी, शहापूर भागातील भट्ट्यांवर जाऊन प्रत्येक गर्भवतीचे आणि दोन वर्षांखालील बालकाचे नाव वहीत उतरवावे. ती यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीत लेखी देऊन पोच घ्यावी, आणि महिन्याने पुन्हा भट्टीवर जाऊन कोण आले व कोण आले नाही ते त्याच यादीत नोंदवावे.