शब्दांचा बुरखा
(गौलीगुडा, हैदराबाद येथे मराठी बांधवांपुढे केलेले भाषण)



ज्या गौलीगुड्यात आज आम्ही मराठीतून बोलत आहोत, त्याच्या शेजारीच १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी उभी आहे. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. बहुसंख्य प्रजेच्या तेलुगू, मराठी व कानडी भाषांना उंबरठ्याबाहेरच तिष्ठावे लागले. अशा राजवटीत मराठी शाळा चालविणे हे व्रतच होते. शब्दांच्या सामर्थ्याविषयी बोलण्यास याहून उचित स्थळ कोणते?

सत्ता शब्दाला किती भिते, हे या नगरीने पाहिले आहे. १९३८ साली स्टेट काँग्रेस रीतसर उभी राहण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. जिने अद्याप काही केले नव्हते, तिचे नावच सरकारला सलत होते! ती बंदी उठावयास १९४६ साल उजाडावे लागले.

परंतु शब्द दडपण्याहून तो मऊ करणे अधिक सोयीचे असते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य रणगाडे व विमाने घेऊन संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. या लष्करी मोहिमेला नाव मिळाले 'पोलीस ॲक्शन'. कारण उघड आहे. निजामाने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेले होते. 'युद्ध' म्हणावे तर दोन राष्ट्रे मानल्यासारखे झाले असते, पोलीस मात्र आपल्याच घरात फिरतात. रझाकारांच्या जाचातून प्रजा सुटली याचा आम्हांला अभिमानच आहे. पण त्याच मऊ शब्दाआड आणखी काही झाकले गेले. त्यानंतरच्या हत्याकांडात किमान २७,००० ते ४०,००० माणसे, बहुतांशी मुसलमान, मारली गेल्याचा अंदाज पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केला. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत आमचे उस्मानाबाद, नांदेड आणि बिदर होते. तो अहवाल अनेक दशके दप्तरातच राहिला. दुसऱ्याच्या शब्दांची झडती घेणाऱ्याने आधी स्वतःचे घर झाडावे, म्हणून आम्ही हे येथे स्पष्ट बोलतो.

आता १७ सप्टेंबर या दिवसाकडे पाहा. महाराष्ट्रात तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. २०२२ साली याच शहरात केंद्राने 'मुक्तिदिन' साजरा केला, तर राज्याने 'राष्ट्रीय एकात्मता दिन'. २०२४ साली नव्या राज्य सरकारने त्यालाच 'प्रजापालन दिन' म्हटले. तिकडे कर्नाटकाने २०१९ साली 'हैदराबाद-कर्नाटक' पुसून 'कल्याण कर्नाटक' लिहिले. प्रत्येक नाव काय स्मरावे हे ठरविते, आणि काय विसरावे हेही!

सीमाभागाची कथा निराळी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर, भालकी, औराद येथील मराठी माणूस म्हैसूर राज्यात ढकलला गेला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने त्याला 'भाषिक अल्पसंख्याक' हे बिरुद व त्यासोबत संरक्षणाचे आश्वासन दिले. गाव जागचे हलले नाही, चुलीवरची भाषा बदलली नाही. कालपर्यंत गावात बहुसंख्य असलेला माणूस कागदावर मात्र एका रात्रीत अल्पसंख्य झाला! अन्यायाला असे सभ्य नाव मिळाले की तो अन्याय वाटेनासा होतो.

'सीमावाद' हाही तसलाच शब्द. वाद म्हटला की दोन सरकारांची भाऊबंदकी डोळ्यांपुढे येते आणि माणूस दिसेनासा होतो. म्हणून आम्ही 'सीमाप्रश्न' म्हणतो: आपण कोणत्या राज्यात नांदावे, हा जनतेने विचारलेला प्रश्न. २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेला. पण न्यायालयात जाण्यापूर्वीच प्रश्न शब्दांत हरू नये.

मात्र एक इशारा. बुरखा फाडणे म्हणजे शिवी देणे नव्हे. कानडी शेतकरी आमचा वैरी नाही. त्याची भाषाही या राज्यात आमच्याच भाषेसारखी उंबरठ्याबाहेर तिष्ठली होती. शिवीसुद्धा सत्य झाकणारा बुरखाच असतो, फक्त अधिक भडक रंगाचा. माणसाशी बोलताना सौजन्य असावे, अन्यायाविषयी बोलताना नेमकेपणा.

तेव्हा अर्ज लिहा, सभा भरवा, मुलांना इतिहास सांगा. पण प्रत्येक गोष्ट तिच्या खऱ्या नावाने सांगा. ज्याने खरे नाव सोडले, त्याने निम्मा लढा सोडला.

जय महाराष्ट्र!